किनाऱ्यावरचे सुकाणू कोणाच्या हाती?

डहाणू तालुक्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. त्याच वर्षी १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पास मान्यता दिली होती. ७६,२२० कोटी रुपये खर्च, समुद्रात भर घालून मिळवावयाची १,४४८ हेक्टर जमीन, प्रत्येकी हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के आणि वर्षाकाठी २९ कोटी ८० लाख टन मालाची क्षमता, असे आकडे तेव्हा जाहीर झाले. त्यांतच आणखी एक आकडा होता आणि गावोगाव सर्वाधिक फिरला तो तोच : प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मिळून बारा लाख रोजगार. हे रोजगार कोणत्या कामाचे, ते काम शिकण्यास किती वर्षे लागतात, ते कोण शिकविणार आणि कोणाला शिकविणार, हे प्रश्न मात्र सभांमध्ये क्वचितच विचारले जातात. बंदर उभे राहील तोवर बंदरावरचे आणि जहाजावरचे कामच आमूलाग्र बदललेले असेल, ही गोष्ट तर कोणी बोलतच नाही.

कासा हे याच तालुक्यातील, मुंबई–अहमदाबाद महामार्गालगतचे बाजाराचे गाव. येथून समुद्र दिसत नाही. परंतु बंदराला महामार्गाशी जोडणारा सुमारे बत्तीस किलोमीटरचा नवा रस्ता वरोरहून निघून कासापासून जवळच असलेल्या तवा परिसरात येऊन मिळावयाचा आहे. म्हणजे बंदराचे समुद्राकडील तोंड वाढवणला आणि जमिनीकडील तोंड या वारली मुलखात. या मुलखाला मोठ्या प्रकल्पांचा अनुभव नवा नाही. सूर्या नदीवर धामणी व कवडास येथे धरणे झाली ती येथील शेतीच्या नावाने. त्या पाण्याचा फार मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या नळांकडे वळला. उद्या बंदराचे काम येथे आणि कामाचे ज्ञान व वेतन अन्यत्र, असे घडू द्यावयाचे नसेल, तर त्या कामाचे स्वरूप आजच समजून घेतले पाहिजे.

या बदलाचे टोकाचे रूप म्हणजे खलाशी नसलेले, किनाऱ्यावरील केंद्रातून चालविले जाणारे जहाज. ही कविकल्पना राहिलेली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फिनलंडमध्ये 'फाल्को' नावाची प्रवासी नौका एका बाजूने आपोआप आणि परतीच्या फेरीत दूरनियंत्रणाने चालवून दाखविण्यात आली. नॉर्वेमधील 'यारा बिर्कलांड' हे विजेवर चालणारे, १२० कंटेनर वाहणारे जहाज २०२२ पासून खतकारखान्याचा माल नेऊ लागले. प्रारंभी त्यावर माणसे ठेवावी लागली, पण ती उतरविण्याचा हेतू पहिल्या दिवसापासून जाहीर होता. जपानने २०२२ च्या आरंभी 'सुझाकू' हे कंटेनर जहाज टोकियोच्या उपसागरातून निघून बहुतांश अंतर आपोआप चालविण्याचा प्रयोग केला. बेल्जियममध्ये अँटवर्पच्या केंद्रात बसलेले कप्तान कालव्यांवरील बार्ज पडद्यांसमोरून हाकतात. भारतही यापासून दूर नाही. नॉर्वेसाठी अशा दोन विद्युत-नौका कोचीन शिपयार्डच्या कामगारांनी बांधून २०२२ मध्ये सुपूर्द केल्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मातंगी' ही महाराष्ट्रातील कंपनीने बांधलेली मनुष्यविरहित बोट मुंबईहून तुतिकोरीनच्या सुमारे दीड हजार किलोमीटरच्या सफरीवर रवाना झाली.

या प्रयोगांचे महत्त्व फुगवून सांगण्याचे कारण नाही. ही जहाजे लहान आहेत, त्यांचे मार्ग बहुधा आखूड आहेत, आणि महासागर ओलांडणारे अजस्र कंटेनर जहाज आजही वीस-पंचवीस माणसांच्या हातांवरच चालते. तथापि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना या दिशेने नियम करीत आहे. तिने २०२१ मध्ये आपल्या सुरक्षाविषयक करारांची छाननी पूर्ण केली आणि अशा जहाजांच्या चार पायऱ्या मानल्या. पहिलीत यंत्र खलाशाला मदत करते. दुसरीत जहाज किनाऱ्यावरून चालते, पण खलाशी जहाजावर असतात. तिसरीत जहाज किनाऱ्यावरून चालते आणि त्यावर कोणीही नसते. चौथीत निर्णयही यंत्रच घेते. प्रथम ऐच्छिक संहिता आणि त्यानंतर १ जानेवारी २०३२ पासून बंधनकारक संहिता, असे वेळापत्रक संघटनेने ठरविले आहे. वाढवणचा पहिला टप्पा या दशकाच्या अखेरीस पुरा करण्याचा सरकारचा मनोदय आहे. म्हणजे बंदर आणि नवा कायदा मागेपुढेच अवतरतील. आज कासा, तलासरी किंवा चिंचणीच्या शाळेत आठवीत बसलेला मुलगा वा मुलगी तेव्हा कामाच्या वयात आलेली असेल.

किनाऱ्यावरून जहाज चालविण्यास कोणते कौशल्य लागते? सर्वसाधारण समजूत अशी की, संगणक येत असला म्हणजे झाले. ही समजूत चुकीची असून घातकही आहे. सागरी वाहतुकीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम सांगतो की, प्रत्येक जहाजाने सदैव डोळ्यांनी आणि कानांनी, तसेच उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनी नजर ठेवली पाहिजे. डोळे आणि कान आधी, साधने नंतर. जहाजावरील अनुभवी अधिकारी इंजिनातील बिघाड पायांखालच्या कंपनावरून ओळखतो; जळक्या वासाने जागा होतो; जहाज कोणत्या लाटेवर किती कलले आणि सावरण्यास किती वेळ लागला यावरून मालाचा तोल बिघडल्याचे ताडतो. किनाऱ्यावरच्या खुर्चीला कंप नाही, वास नाही, कलणे नाही. तेथे पडदा आहे. पडद्यावरील अंक, रडारचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे चित्र यांतून हरवलेला समुद्र मनात पुन्हा उभा करणे, हे या कामाचे पहिले कौशल्य होय; आणि ज्याने तो समुद्र कधी अनुभवलेलाच नाही त्याला ते साधणे अतिशय कठीण आहे.

दुसरे कौशल्य यंत्रावर अविश्वास ठेवण्याचे. जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल युद्धाच्या काळात होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात शेकडो जहाजांच्या उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत अडथळे आले. जहाज समुद्रात असताना पडद्यावर ते भलत्याच ठिकाणी दिसू लागले. जहाजावरील माणूस अशा वेळी खिडकीतून बाहेर पाहतो, किनाऱ्यावरील दीपगृहाची दिशा घेतो. दूरच्या नियंत्रकाला मात्र खोटा आकडा खोटा आहे हे आकड्यांच्या आपसांतील विसंगतीवरूनच ओळखावे लागते. न्हावा-शेवा बंदरालाही या धोक्याची चुणूक मिळाली आहे. जून २०१७ मध्ये संगणकविषाणूच्या जागतिक हल्ल्यात तेथील एका कंटेनर धक्क्याचे कामकाज कोलमडले. तेव्हा थांबले ते धक्क्यावरचे काम. भर समुद्रात चालू असलेल्या जहाजाचा ताबा असाच सुटला, तर काय होईल याची कल्पना करावी. संदेशवहन तुटल्यावर जहाजाने स्वतः काय करावे हे आधीच ठरवून ठेवणे, संपर्क परत येताच परिस्थिती क्षणार्धात आकळून घेणे आणि घातपाताचा संशय वेळीच येणे, ही नाविकाच्या जुन्या शिक्षणात नसलेली, पण आता अपरिहार्य असलेली विद्या आहे.

तिसरे कौशल्य प्रसंगी हस्तक्षेप करण्याचे. लिझान बेनब्रिज या विदुषीने १९८३ मध्ये स्वयंचलनातील विसंगतींवर एक शोधनिबंध लिहिला. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि सर्वांत अवघड प्रसंग माणसासाठी राखून ठेवते. शिवाय रोजचा सराव गेल्यामुळे तो अवघड प्रसंग येतो तेव्हा माणसाचे कौशल्य गंजलेले असते, हे तिने दाखवून दिले. तासन्तास काहीही न घडणाऱ्या पडद्याकडे जागरूकतेने पाहत राहणे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे. त्यात एकाच नियंत्रकाकडे तीन किंवा सहा जहाजे सोपविली, आणि दोन जहाजांवर एकाच वेळी संकट आले, तर तो कोणत्या जहाजाचा कप्तान ठरेल? मालकाच्या हिशेबात एका माणसाकडे जितकी जहाजे अधिक तितका नफा अधिक. म्हणूनच 'कौशल्य' या शब्दाआड कामाचा बोजा आणि कामाचे तास हे प्रश्न दडलेले आहेत, आणि ते कामगार चळवळीचे जुने प्रश्न आहेत.

कायद्याच्या दृष्टीने तर हा नियंत्रक आज कोठेच बसत नाही. २००६ चा सागरी श्रमिक करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नाविकाला चोवीस तासांत किमान दहा आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळावी, असा एक दंडक आहे. परंतु त्या करारात नाविक म्हणजे जहाजावर काम करणारा. किनाऱ्यावर बसून जहाज चालविणारा त्या व्याख्येत येत नाही; आणि तो गोदीत माल हलवीत नसल्यामुळे गोदी कामगारही ठरत नाही. त्याला एखाद्या सेवा-कंपनीचा कंत्राटी कर्मचारी म्हणून रात्रपाळीवर बसविले, तर त्याच्या हातात लाखो टनांचे जहाज आणि पाठीशी मात्र कोणतेही संरक्षण नाही, अशी स्थिती होईल. मुंबई बंदरात पी. डिमेलो आणि त्यांच्या समाजवादी सहकाऱ्यांनी ज्या नैमित्तिक गोदी कामगारांना संघटित केले, त्यांचे दुःख हेच होते की, काम रोजचे असूनही ते कोणाचेच कामगार नव्हते. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने नोंदणी आणि किमान हमी यांचा मार्ग खुला केला तो या दुःखावर. पडद्यासमोरचा नवा कामगार त्याच जुन्या जागी उभा केला जात आहे.

अपघात घडल्यावर काय होते, हे मे २०२१ च्या तौक्ते वादळाने दाखविले. मुंबईच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. वादळाची सूचना मिळूनही बार्ज जागेवर का राहिला, निर्णय कप्तानाचा की किनाऱ्यावरील कंपन्यांचा, यावर वाद झाला. पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो कप्तान व इतरांवर; कप्तान तर समुद्रातून परतलाच नव्हता. त्याच वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याला लागला आणि त्यावरील १३७ जणांना वाचविण्यात आले. उद्या जहाज दूरच्या केंद्रातून चालेल तेव्हा जबाबदारीची साखळी अधिकच लांब होईल : जहाजाचा मालक, केंद्र चालविणारी कंपनी, संगणकप्रणाली बनविणारी कंपनी आणि सर्वांत शेवटी पगारी नियंत्रक. दोष नेहमीप्रमाणे शेवटच्या माणसावर ढकलला जाऊ नये, यासाठी कायद्यातील वाक्ये आजच लिहून घ्यावी लागतील.

आता या ज्ञानाचा दुसरा पैलू. डहाणू ते सातपाटीच्या पट्ट्यातील तांडेलाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक कागदावर पाहावे लागत नाही. उधाणाला कोणत्या खडकावर किती पाणी, वारा फिरल्यावर प्रवाह कोणीकडे ओढतो, पावसाळ्याआधी समुद्राचा रंग कसा पालटतो, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावरातून ठाऊक असते. त्याच्याइतकाच, पण त्याच्याहून उपेक्षित असा दुसरा समुद्रजाणकार डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर राहतो. येथील आदिवासी तरुण वर्षानुवर्षे हंगामात आगाऊ उचल घेऊन वेरावळ, पोरबंदर, ओखा येथील मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जात आले आहेत. सागरी सीमेजवळ पाकिस्तानी यंत्रणेच्या हाती सापडून त्यांतील अनेकांनी कराचीच्या तुरुंगात वर्षे काढली. डहाणू तालुक्यातील एका खलाशाचा तेथेच मार्च २०२४ मध्ये मृत्यू झाला. महिनोन्‌महिने समुद्रावर राबणाऱ्या या माणसाच्या नावावर एका दिवसाचीही प्रमाणित समुद्रसेवा लागत नाही. सरकारदरबारी तो अकुशल मजूर असतो.

या ज्ञानाचे भाबडे उदात्तीकरण करणेही योग्य नव्हे. चारशे मीटर लांबीचे जहाज वळण्यास किती अंतर घेते, हे होडीच्या अनुभवाने कळत नाही. त्यास गणित, पदार्थविज्ञान आणि इंग्रजीतील नियमावली यांचा अभ्यास लागतो. अधिकारी होण्याच्या वाटेवर बारावीला भौतिक, रसायन व गणित या विषयांत किमान साठ टक्के आणि इंग्रजीत पन्नास टक्के मागितले जातात. साध्या खलाशाच्या सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासही विज्ञान, गणित व इंग्रजीसह दहावी लागते. खाजगी प्रशिक्षणसंस्थांचे शुल्क आणि त्यापुढे जहाजावर जागा मिळवून देण्याच्या नावाखाली दलालांकडून होणारी लूट, हे पुढचे अडथळे. ज्या आश्रमशाळेत गणिताचा वा विज्ञानाचा शिक्षक वर्षभर टिकत नाही, तेथील मुलापुढे नंतर राखीव जागा ठेवली, तरी ती रिकामीच राहणार. मग 'स्थानिक उमेदवार पात्र नव्हते' असा शेरा मारून ती भरण्यास सारे मोकळे.

येथे एक खोल पेच आहे. आज किनाऱ्यावरील नियंत्रणकेंद्रांत प्राधान्याने बसविले जातात ते समुद्रावर वर्षे काढलेले अधिकारी. त्यांचे कौशल्य जहाजावर घडले. परंतु स्वयंचलनाने प्रथम कमी होतात त्या खालच्या जागा : शिकाऊ, सुकाणूवरचा खलाशी, इंजिनघरातील मदतनीस. शिडीच्या खालच्या पायऱ्याच काढून टाकल्या, तर पुढच्या पिढीचा अनुभवी कप्तान कोठून यावा? जगातील नाविकांचा मोठा पुरवठा करणाऱ्या भारतासारख्या देशाला हा प्रश्न श्रीमंत राष्ट्रांहून अधिक जाचणारा आहे. आतापर्यंत आपले खलाशी त्यांच्या जहाजांवर राबत आणि घरी पैसा येई. केंद्र जर युरोपात वा जपानात असेल, तर जहाजाबरोबर हे कामही किनाऱ्यावर उतरेल. पण तो किनारा आपला नसेल. १९७८ चा नाविक प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार सध्या फेरविचाराखाली आहे. किनाऱ्यावरील नियंत्रकाला प्रत्यक्ष समुद्रसेवा अनिवार्य असावी आणि त्यासाठी शिकाऊ जागा राखल्या जाव्यात, ही भूमिका भारताने तेथे हिरिरीने मांडली पाहिजे.

डहाणूच्या शेजारी नियंत्रणकक्षाचे उदाहरण अर्धशतकाहून जुने आहे. तारापूरची अणुभट्टी १९६९ मध्ये सुरू झाली. अणुभट्टीच्या कक्षात परवान्यावाचून कोणी बसू शकत नाही. परीक्षा, प्रत्यक्ष काम, ठराविक काळाने फेरपात्रता, अशी शिस्त तेथे आहे. यंत्र कितीही शहाणे असले, तरी जबाबदार माणूस कसा घडवावा याची रीत शासनाला ठाऊक आहे, हा त्याचा अर्थ. जहाजाच्या नियंत्रकासही हीच शिस्त लागू करता येईल. त्याच तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठविण्यात आले, आणि पुनर्वसनासाठी तेथील माणसांना दीर्घकाळ झगडावे लागले, हीही त्या इतिहासाचीच बाजू. न्हावा-शेवा बंदराच्या वेळी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळविले, पण प्रत्यक्ष भूखंडांसाठी दशकानुदशके वाट पाहावी लागली. जमिनीच्या मोबदल्याची भाषा चळवळ तेव्हा शिकली. ज्ञानातील हिश्शाची भाषा मात्र तिने अजून पुरेशी आत्मसात केलेली नाही.

या हिश्शाची शक्यता केरळमध्ये दिसते. २ मे २०२५ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या विळिंजम बंदरात धक्क्यावरील व आवारातील अवजड याऱ्या दूरच्या खोलीत बसून चालविल्या जातात, आणि त्या चालविणाऱ्यांत जवळपासच्या मच्छीमार वस्त्यांतील तरुण स्त्रियाही आहेत. खाजगी कंपनी चालवीत असलेल्या बंदरातील या मोजक्या नोकऱ्यांमुळे तेथील मच्छीमारांच्या तक्रारी मिटल्या, असे नाही. २०२२ मध्ये त्यांनीच बंदराविरुद्ध दीर्घ आंदोलन केले होते. परंतु एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. संधी आणि शिक्षण दिल्यास मच्छीमाराची मुलगी सर्वांत आधुनिक यंत्र चालवू शकते. कामाला अंगमेहनतीची अट राहिली नाही की स्त्रीला दूर ठेवण्याची सबबही उरत नाही. नऊ-नऊ महिने घरापासून दूर राहण्याचे दुःख आणि समुद्रावरील जिवाची जोखीम ज्याने कमी होते, असे यंत्र श्रमिकाचे वैरी नाही. वैर आहे ते यंत्राचा सारा लाभ मालकाकडे आणि सारा तोटा श्रमिकाकडे ठेवणाऱ्या व्यवस्थेशी.

बंदरास विरोध करणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील की, लढा समुद्र वाचविण्याचा असताना प्रशिक्षणाची चर्चा म्हणजे शरणागती. ही शंका समजण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले होते. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. मच्छीमारांचा विरोध यामुळे अन्याय्य ठरत नाही. म्हणूनच एक गोष्ट निःसंदिग्धपणे बजावली पाहिजे : शिक्षण हा संमतीचा मोबदला नव्हे. बुडणाऱ्या मासेमारीची भरपाई चार प्रमाणपत्रांनी होत नाही. परंतु बंदर झाले किंवा न झाले, तरी समुद्रावरचे काम बदलणारच आहे, आणि त्या कामाचे शिक्षण मागण्याचा येथील मुलांचा अधिकार कोणत्याही प्रकल्पावर अवलंबून नाही.

शिवाय स्वयंचलित जहाजांचा संबंध होडीत बसलेल्या मच्छीमाराशी थेट येतो. अठराव्या सागरी नियमानुसार, सर्वसाधारण परिस्थितीत, यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या नौकेला वाट द्यावयाची असते. पण दूरच्या नियंत्रकाला होडी दिसली तर ना! मोठ्या जहाजांवर बंधनकारक असलेले ओळख-यंत्र लहान होडीवर नसते. लाकडी होडीचा रडारवरील ठिपका लाटांत हरवतो. पाण्यात पसरलेले जाळे तर कोणत्याच पडद्यावर उमटत नाही. वाढवणच्या पायाभरणीच्याच समारंभात मच्छीमार नौकांना एक लाख संदेशयंत्रे देण्याच्या योजनेचा आरंभ झाला. त्यांचा मुख्य उपयोग किनाऱ्याशी संपर्क आणि संकटसूचना हा आहे. शेजारून जाणाऱ्या परदेशी जहाजाच्या नियंत्रकाला होडी दाखविणे हा नाही. तेव्हा होडी ओळखण्याची जबाबदारी जहाजाची, होडीची नव्हे, हे तत्त्व नियमांत टिकले पाहिजे. आणि कोणत्या महिन्यात कोठे जाळी असतात हे नियंत्रकाला शिकविणारा अभ्यासक्रम मच्छीमारांवाचून तयार होऊच शकत नाही.

या साऱ्यातून कार्यकर्त्यांपुढे काही निश्चित मागण्या उभ्या राहतात. पहिली, बंदर प्राधिकरणाने आणि महाराष्ट्र सागरी मंडळाने बारा लाखांच्या ढोबळ आकड्याऐवजी कामांची लेखी यादी द्यावी : कोणते पद, किती जागा, कोणते शिक्षण, कोणत्या वर्षी, कायम की कंत्राटी. दुसरी, डहाणू तालुक्यात सार्वजनिक मालकीची सागरी प्रशिक्षणसंस्था व्हावी. तेथे जहाजाचा आभासी सेतू आणि यंत्रकक्ष असावा. आदिवासी व मच्छीमार कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्क नसावे आणि विद्यावेतन असावे. तिसरी, आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपासून गणित, विज्ञान व इंग्रजी यांचे पूर्णवेळ शिक्षक असावेत. याखेरीज दुसरी मागणी पोकळ ठरेल. चौथी, मासेमारी बोटींवर घालविलेल्या काळाची नोंद ठेवणारी पुस्तिका प्रत्येक खलाशाला मिळावी आणि तिला प्रवेशात वजन असावे. पाचवी, किनाऱ्यावरील नियंत्रकाला कायद्याने नाविकाचे सर्व हक्क मिळावेत; त्याच्या विश्रांतीचे तास आणि त्याच्याकडील जहाजांची कमाल संख्या ठरावी; अपघाताची अंतिम जबाबदारी मालकावर राहावी.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आवाज दिला आहे. याच मुलखात १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची प्रथा मोडून काढली. पुढच्या काळात भूमिसेनेने आणि कष्टकरी संघटनेने जमिनीचा व जंगलाचा प्रश्न लावून धरला. तेव्हा ज्याच्या श्रमावर दुसऱ्याची मालकी होती, त्याच्या नातवाच्या वाट्याला नव्या व्यवस्थेत केवळ फाटकावरचा पहारा आणि खडीचा ट्रक येणार असेल, तर तो लढा अर्धाच राहिला असे म्हणावे लागेल. कासाच्या आठवडी बाजारात, तलासरीच्या पाड्यांवर आणि डहाणूच्या कोळीवाड्यांत कार्यकर्त्यांनी हा विषय सोप्या भाषेत नेला पाहिजे. येत्या ग्रामसभांत कामांची यादी आणि सार्वजनिक प्रशिक्षणसंस्था यांचे ठराव करून ते जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविले पाहिजेत. बंदराचा पहिला धक्का उभा राहण्यापूर्वी हाती असलेली वर्षे थोडी आहेत, आणि एक नाविक घडण्यास त्याहून फार कमी वर्षे लागत नाहीत.